एकोणिसाचा पाढा आणि तीनशे किलोमीटर

मुंबई-अहमदाबाद हायवेला चारोटी नाक्यावरच्या एका हॉटेलाबाहेर वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. हेल्मेट डोक्यावरच होतं, हातमोजेही काढले नव्हते. पुढ्यात वडापाव होता, त्याचा एकच घास गेलेला. जर्सीच्या मागच्या खिशात घरून आणलेल्या तिळगुळाची डबी होती. दुसऱ्या दिवशी संक्रांत. डबी पहाटे भरली तशीच होती, एकही लाडू कमी झाला नव्हता.

जानेवारी २०२४ ची ही गोष्ट. ठाण्याहून वापी आणि परत अशा तीनशे किलोमीटरच्या बीआरएममधले, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमधले, २०५ किलोमीटर झाले होते आणि वेळेच्या हिशेबात वहिनी अजून वीस मिनिटं पुढे होत्या. म्हणजे नियमाने त्या बाद झालेल्याच नव्हत्या. पण उलटी होऊन गेली होती, हात थरथरत होते आणि काळोख पडत आला होता. दादा गाडी घेऊन निघाला होता. मी दुपारीच मनोरला जाऊन थांबलो होतो, तिथून चारोटीला पोहोचलो. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माझ्यात वेगच नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो आता कुठून येणार?"

पुढचे अकरा महिने आम्ही जे केलं, त्याची ही नोंद आहे. वहिनींनी ती वाचली आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्त केली आहे. नाव घालू नका म्हणाल्या, म्हणून घातलेलं नाही.

ज्यांनी बीआरएम केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही शर्यत नसते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या नियमांनुसार जगभर या राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वाटेत कंट्रोल असतात, तिथे ठरलेल्या वेळेत कार्डावर नोंद घ्यायची. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. चहा, पंक्चर, जेवण, डुलकी सगळं त्यातच. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

वहिनी कोण, काय करत होत्या

मुलुंड पूर्वेला राहतात. पालिकेच्या शाळेत शिक्षिका, दुपारची पाळी. दोन मुलं, घरात सासूबाई. सायकल २०२१ पासून. सरळ हँडलची हायब्रिड, ३२ मिलिमीटरचे टायर. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी पहिली २०० पूर्ण केली, १३ तास ५ मिनिटांत. वेळ संपायला पंचवीस मिनिटं उरली होती.

सायकल नेमाने होत होती. रोज पहाटे ऐरोली पूल ओलांडून परत, पन्नास मिनिटं ते तास. रविवारी एका ग्रुपबरोबर साठ-सत्तर किलोमीटर. कागदावर हे चांगलंच दिसतं. मी मात्र त्यांच्या घड्याळातल्या चार महिन्यांच्या नोंदी काढून बघितल्या, तेव्हा प्रत्येक राइडमध्ये हृदयाचे ठोके १४५ ते १६० च्या मध्ये. रोज. सोमवारी तसेच, गुरुवारी तसेच, रविवारीही तसेच. एकही दिवस खरा हलका नाही आणि एकही दिवस खरा कठीण नाही. रोज दम लागायचा, घाम निघायचा, व्यायाम झाल्याचं समाधान मिळायचं. आणि वेग दोन वर्षांत होता तिथेच.

मुंबईत सायकल चालवणाऱ्या निम्म्या लोकांची अवस्था हीच असते, असं माझं मत आहे. वेळ कमी, म्हणून आहे तो वेळ दामटून काढायचा. त्यात सिग्नल. प्रत्येक सिग्नलनंतर जोर लावून सुटायचं. फ्रीवे, सी लिंक आणि जानेवारी २०२४ मध्येच सुरू झालेला अटल सेतू, सगळीकडे सायकलला बंदी. उरतात त्या रस्त्यांवर शांतपणे तासभर एका लयीत चालवायला जागा मुद्दाम शोधावी लागते.

आधी रक्त तपासून घेतलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे दम कमी पडतो म्हणणाऱ्या बाईची ही तपासणी टाळू नये. वहिनींचं हिमोग्लोबिन १२.४ निघालं, लोहाचा साठाही बरा होता. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून परवानगी दिली. म्हणजे कारण दुसरीकडे होतं.

मीटरने काय सांगितलं

त्या दिवसाचे आकडे मी वहीत तीन तुकड्यांत मांडले. पहिले ६० किलोमीटर २ तास २० मिनिटांत, म्हणजे ताशी २५.७. पुढचे ९० किलोमीटर ४ तास १० मिनिटांत, ताशी २१.६. शेवटचे ५५ किलोमीटर ३ तास ४५ मिनिटांत, ताशी १४.७. सायकल चालू असतानाचा सरासरी वेग बरोबर २०.

वीसच्या सरासरीने तीनशे किलोमीटरला पंधरा तास लागतात. हातात वीस होते. मग वेग नाही, असं कसं म्हणायचं?

पहिल्या तुकड्यात वहिनींचे ठोके सरासरी १५८ होते. चढावर १७० च्या वर. पहाटेचा गारवा, भोवती तीस सायकली, लाल दिव्यांची रांग. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर त्या पुढच्या मुलांच्या मागे राहायला झगडत होत्या. आणि हे त्यांना मीच सांगितलं होतं. "ग्रुपला चिकटून राहा, वारा कमी लागेल," हे माझे शब्द. सल्ला अर्धवट होता. दुसऱ्याच्या मागे चालवलं तर हवेचा अडथळा बराच कमी होतो, हे खरं. पण ग्रुप आपल्या ऐपतीचा असेल तरच. वसईच्या अलीकडे ग्रुप पुढे निघून गेला आणि वहिनी एकट्याच त्याच वेगाने त्याला गाठायला धडपडत राहिल्या.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनात. ताशी २२ च्या जागी २५.७ ने जायचं तर हवेसाठी लागणारी ताकद सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. बदल्यात साठ किलोमीटरमध्ये काय मिळालं? चोवीस मिनिटं. आणि शेवटच्या ५५ किलोमीटरमध्ये काय गेलं? वीसच्या वेगाने ते पावणेतीन तासांत झाले असते, लागले पावणेचार. चोवीस मिनिटं कमावली, साठ घालवली. हा हिशेब मांडला तेव्हा वहिनी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. त्या गणित शिकवतात.

मग खाणं. पहिल्या सहा तासांत पोटात गेलं ते इतकंच: एक केळं, दोन इडल्या, दोन चहा, चिक्कीचे दोन तुकडे. कर्बोदकं मोजली तर शंभर-एकशे दहा ग्रॅम, म्हणजे तासाला अठरा. शरीरात साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो सगळा मिळून ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असतो. जितका जोर जास्त तितका तो भरभर संपतो, आणि चरबी जाळून शरीर तेवढ्या वेगाने ताकद पुरवू शकत नाही. लांबच्या राइडला तासाला किमान ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. वहिनींनी साठा सुरुवातीलाच भडकावून जाळला आणि वरून भर घातलीच नाही.

पाण्याचं कारण मला उशिरा कळलं, आणि ते इथे लिहावं असं वहिनींनीच मुद्दाम सांगितलं. सकाळभर त्या जवळजवळ पाणी प्यायल्याच नाहीत. हायवेवर बायकांना जायला स्वच्छ जागा नसते, म्हणून. मग दुपारी अडीचला वापीहून परत फिरल्यावर घसा सुकला, तेव्हा अर्ध्या तासात दोन लिटर साधं पाणी प्यायल्या. उन्हात जोर लावत असताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे गेलेलं असतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं. अशा पोटात एकदम ओतलेलं पाणी पुढे सरकत नाही. नुसतं पाणी जास्त प्यायलं तर रक्तातलं मीठही पातळ होतं. वडापाव बघून उलटी झाली ती यातून.

आणि थांबे. अकरा वेळा थांबल्या, एकूण ३ तास ५ मिनिटं. तीन कंट्रोलवर मिळून ४८ मिनिटं. जेवण ४०. कोणाची तरी वाट बघणं आणि फोटो ३७. स्वच्छतागृह शोधणं ३०. उरलेली ३० मिनिटं अशीच, बाटली भरायला, फोन घ्यायला, पाय मोकळे करायला. सायकलवरचा वेग ताशी एक किलोमीटरने वाढवायला कित्येक महिने लागतात. थांब्यांतला एक तास कापायला फक्त ठरवावं लागतं.

हळू चालवण्याची लाज

फेब्रुवारीत आम्ही सुरुवात केली ती हळू चालवण्याने. पूर्ण दहा आठवडे एकही जोराची राइड नाही. ठोके १३० ते १४० च्या मध्ये, वर गेले की गिअर उतरवायचा, तरी वर गेले तर पाय सैल सोडायचे. ही मर्यादा काढण्यासाठी आधी अर्ध्या तासाची चाचणी घेतली होती: जमेल तितक्या जोरात, पण शेवटपर्यंत टिकेल अशा बेताने. शेवटच्या वीस मिनिटांचे सरासरी ठोके १६४ आले. त्याच्या ऐंशी ते पंच्याऐंशी टक्क्यांत हलकी राइड बसवली.

घड्याळाकडे सतत बघत रस्त्यावर सायकल चालवणं धोक्याचं. म्हणून वहिनींनी स्वतःचं माप शोधलं. पाढा. एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणायचा, एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. प्रत्येक ओळ एका श्वासात आणि दहाव्या ओळीपर्यंत कुठेही धाप न लागता. जमलं तर वेग योग्य. मध्येच श्वास तुटला तर जास्त. मी नंतर त्यांचे पाढे आणि ठोके ताडून बघितले. पाढा तुटायचा तो १४२-१४३ च्या आसपास.

हा काळ त्यांना सगळ्यात जड गेला. मुलुंडमध्ये पहाटे साडेपाचला पाववाल्यांच्या सायकली फिरत असतात. मागे भली मोठी टोपली, चेनचा कुरकुर आवाज. एक पाववाला रोज घंटी वाजवून त्यांना मागे टाकायचा. पहिल्या आठवड्यात त्या घरी येऊन म्हणाल्या, "हे काय चालवणं झालं? घामसुद्धा नीट येत नाही." मी एवढंच म्हटलं की वहिनी, तुम्ही वर्गात पाया कच्चा असलेल्या मुलाला थेट त्रैराशिक देता का?

हळू चालवताना शरीरात जे होतं ते बाहेरून दिसत नाही. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणजे चरबी जाळायच्या भट्ट्या वाढतात आणि त्याच वेगाला साखर कमी लागते. हे सगळं सावकाश होतं. आणि रोज मध्यम जोर लावला तर थकवा इतका साचतो की एखादा दिवस खरा जोर लावायला पायात ताकदच उरत नाही.

प्रगती मोजायला आम्ही एकच गोष्ट ठरवली. महिन्यातून एकदा, पहाटे पावणेसहाला, पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर आणि परत, ठोके १३८ वर धरून. सर्वात जोरात किती जाता येतं ते मोजायचंच नाही. शांत श्वासात किती जाता येतं ते मोजायचं. फेब्रुवारीत आकडा आला ताशी १८.९ किलोमीटर. एप्रिलमध्ये १९.४. मे महिन्यात, दमट हवेत, २०.१. मेमध्ये तो खाली येईल अशी माझी अपेक्षा होती, कारण मुंबईच्या हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो, आणि शरीर थंड ठेवायला हृदयाला जास्त धावपळ करावी लागते. पण उन्हाची सवय दहा ते चौदा दिवसांत लागते, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो. वहिनी रोज बाहेर होत्या, त्याचा फायदा झाला.

याच सुमारास गुडघ्याचं दुखणं निघालं. पुढच्या बाजूला, वाटीच्या खाली. सीट बघितली तर जवळपास अडीच सेंटिमीटर खाली होती. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून दुकानदाराने तशी लावून दिली होती आणि त्यांनी ती तीन वर्षं तशीच ठेवली. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. एकदम वर केली तर मागच्या शिरा ताणतात, म्हणून दर आठवड्याला चार-पाच मिलिमीटर. सहाव्या आठवड्यात दुखणं गेलं. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय लागायला मात्र जास्त वेळ लागला.

येऊर

एप्रिलच्या शेवटी जोराचा दिवस सुरू केला, आठवड्यातून एकच, बुधवारी. ठाण्याचा येऊरचा चढ त्यासाठी उत्तम. सिग्नल नाही, सकाळी रहदारी कमी, डोक्यावर झाडं. खालपासून वरपर्यंत वहिनींना १४ मिनिटं २० सेकंद लागायची. आधी तो दोनदा, मधे सावकाश उतरून. मग तीनदा. श्वास असा की पाढ्याची अर्धी ओळही निघू नये, पण तिसऱ्या फेरीचा वेळ पहिल्या फेरीपेक्षा वाढता कामा नये. वाढला तर पहिली फेरी चुकीची गेली. हा नियम मी मुद्दाम ठेवला होता, कारण पहिल्या साठ किलोमीटरचा रोग इथेच बरा होणार होता. पहिल्या तीन बुधवारी तिसरी फेरी दीड-दोन मिनिटांनी घसरली. चौथ्या बुधवारी तिन्ही फेऱ्या वीस सेकंदांच्या फरकात आल्या.

पायडल फिरवण्याची गती हाही एक विषय. वहिनी मिनिटाला साठच्या आसपास जड गिअर ढकलत. ८० ते ९० वर आणलं. स्नायूंवरचा भार थोडा हृदयावर सरकतो, आणि लांब पल्ल्याला स्नायू आधी हरतात. याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही, सवयीने जमतं.

रविवारची राइड मार्चमध्ये ८० किलोमीटर, एप्रिलमध्ये १००, मेमध्ये शनिवारी ७० आणि लगेच रविवारी ९०. तीन आठवडे वाढवायचं, चौथ्यात निम्म्यावर आणायचं. एकूण तास आधीपेक्षा फारसे वाढवले नाहीत. वेळ खरा लागला तो झोपेला. रात्री साडेअकराला ओटा आवरून पहाटे साडेचारला उठणारी बाई सुदृढ होत नाही, झिजते. मार्चमध्ये घरात बसून बोलणं झालं. रात्रीची भांडी दादा आणि मोठ्या मुलाने घेतली, रविवारचा स्वयंपाक दादाने. वहिनी दहाला झोपू लागल्या. पूर्ण अकरा महिन्यांत सगळ्यात मोठा बदल कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी येऊरच्या आधी हाच सांगेन.

पावसाळा

जून ते सप्टेंबर घोडबंदर रोडवर सायकल चालवू नये, या मताचा मी आहे. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि मागून ट्रेलर असतो. गॅलरीत ट्रेनर लावला, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचा स्टँड. पहिल्याच आठवड्यात वहिनी म्हणाल्या, तोच गिअर, तीच गती, पण चाळिसाव्या मिनिटाला ठोके बारा-तेराने वर जातात. जागेवर बसून चालवताना अंगावर वारा नसतो. टेबलफॅन समोर ठेवला, ठोके पाच-सहाच्या फरकात आले. बाकी दोन दिवस घरीच वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम: बैठका, एका पायावर उठणं, जिना चढणं.

गणपतीनंतर रस्त्यावर परतलो. सप्टेंबरचा पाम बीचचा आकडा २१.६.

खाण्याची तालीमही याच काळात झाली. आतड्यालाही सराव लागतो, राइडच्या दिवशी अचानक जास्त खाऊन चालत नाही. बाजारच्या एनर्जी जेलने वहिनींना मळमळायचं. मग घरचंच: मीठ लावून उकडलेले बटाट्याचे तुकडे, गुळाच्या पोळीचे चतकोर, वेलची केळी, खजूर. पाऊण लिटरच्या बाटलीत सहा चमचे साखर, एक लिंबू, पाव चमचा मीठ. घड्याळात दर पंचवीस मिनिटांनी गजर. वाजला की काहीतरी तोंडात टाकायचं, भूक असो वा नसो. घाम किती जातो हे मोजायला ऑक्टोबरच्या एका सकाळी राइडच्या आधी आणि नंतर वजन केलं. ६२.४ चे ६१.३ झाले, मधे अर्धा लिटर प्यायल्या होत्या. एक तास चाळीस मिनिटांत १.६ लिटर, म्हणजे तासाला जवळपास एक लिटर. सगळं भरून काढायची गरज नसते, पण तासाला सहाशे-सातशे मिली तरी जायला हवं हे कळलं.

त्यासाठी स्वच्छतागृहांचा प्रश्न सोडवणं भाग होतं. एका रविवारी दादा आणि वहिनी गाडीने वापीपर्यंत जाऊन आले आणि येता-जाता कोणत्या पेट्रोल पंपावर सोय बरी आहे याची यादी केली, किलोमीटरसकट. ती यादी प्लास्टिकमध्ये घालून हँडलला बांधली. बीआरएमची तयारी म्हणून हे कोणी शिकवत नाही. माझ्या मते बायकांच्या राइडमध्ये ते पहिल्या पानावर असायला हवं.

नवरात्रात वहिनींचे नऊ दिवस उपवास असतात. तो आठवडा विश्रांतीचा धरला. ऑक्टोबरच्या शेवटी २०० केली, नाशिक रस्त्याने कसारा घाट चढून इगतपुरी आणि परत. ११ तास १० मिनिटं. घाटात एकदाही पाय टेकला नाही.

डिसेंबर

पुन्हा तोच रस्ता, ठाण्याहून वापी आणि परत, पहाटे पाचला सुरुवात. गायमुखच्या चढावर सगळा घोळका पुढे निघून गेला. वहिनी शेवटून तिसऱ्या. मी या वेळी बरोबर चालवत होतो. चढावर मला त्यांचा आवाज येत होता, एकोणीस साता तेहतीसाशे, एकोणीस आठे बावन्नाशे. लाल दिवे वळणाआड गेले तेव्हा त्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

पहिले ६० किलोमीटर २ तास ४२ मिनिटं. मनोरच्या पुढे त्या एकेकाला मागे टाकू लागल्या. पुढचे ९० किलोमीटर ४ तास १५. वापीच्या कंट्रोलवर सात मिनिटं थांबल्या: कार्डावर नोंद, दोन बाटल्या, एक पोळी उभ्याने. तलासरीजवळ मागचं चाक पंक्चर झालं, टायरमध्ये बारीक तार होती. बावीस मिनिटं गेली. १५० ते २०५ चा तुकडा २ तास ४० मिनिटांत.

चारोटीला पोहोचलो तेव्हा चार वाजून दोन मिनिटं झाली होती. गेल्या वेळेपेक्षा दोन तास अठरा मिनिटं आधी, लख्ख उन्हात. तेच हॉटेल. वहिनींनी सायकल भिंतीला लावली, आत जाऊन तोंड धुतलं, बाटल्या भरल्या. बाहेर त्याच रंगाच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. बसल्या नाहीत. खिशातून बटाट्याचा शेवटचा तुकडा काढून खाल्ला आणि म्हणाल्या, "भाऊजी, चला, उजेड आहे तोवर मनोर गाठू."

उरलेले ९५ किलोमीटर ४ तास ५५ मिनिटांत. घोडबंदरच्या फाउंटन हॉटेलपासून पुढे अंधारात ट्रकांची रांग लागली होती, तिथे वेळ गेला. रात्री नऊ वाजून बावन्न मिनिटांनी कार्डावर शेवटची नोंद झाली. एकूण १६ तास ५२ मिनिटं. त्यातले थांबे सात, मिळून २ तास २०.

सायकलवरचा सरासरी वेग निघाला २०.६. जानेवारीत, ज्या दिवशी राइड सोडावी लागली, त्या दिवशी तो २० होता. वहिनींना मी हे दोन्ही आकडे शेजारी लिहून दाखवले. फरक जिथे होता तो आकडा पाम बीचचा: नोव्हेंबरमध्ये १३८ ठोक्यांना २२.४. फेब्रुवारीतल्यापेक्षा साडेतीन किलोमीटर जास्त. येऊरचा चढ १४.२० वरून १२.०५ वर. त्या वाढलेल्या ताकदीतला बराचसा भाग त्यांनी तीनशेच्या दिवशी वापरलाच नाही, राखून ठेवला. म्हणून शेवटच्या ९५ किलोमीटरमध्येही वेग १९ च्या खाली आला नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. अडीचशेच्या पुढे उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. राइडनंतर तीन दिवस शाळेत खडू धरताना त्रास झाला. सरळ हँडलवर तळहाताच्या कडेला मज्जातंतू दाबला जातो, त्याचं हे लक्षण. हँडलच्या टोकाला शिंगं बसवली आहेत, म्हणजे हात धरायच्या जागा बदलता येतील. हँडलही एक सेंटिमीटर वर घेतलं आहे. गेल्या रविवारी १४० किलोमीटर केले, बोटं ठीक होती. पण १४० ला ती आधीही ठीकच असायची. चारशेचं नाव नोंदवायच्या आधी एकदा २५० करून बघायचं ठरलं आहे, सावकाश, दोघांनीच.